डबा रिकामाच न्यायचा होता

सातारा

नाशिकहून साताऱ्याला पोचेपर्यंत काय घडलं ते सांगण्यात अर्थ नाही. एसटीत बसलो, पाय अवघडले, उतरलो. सांगायचं आहे ते माझ्या मांडीवरच्या डब्याबद्दल. पितळेचा, कडीचा, घट्ट झाकणाचा डबा. वर्षभर तो आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात पडून होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. बायकोच्या वर्षश्राद्धाला आलेली माझी बहीण म्हणाली, "दादा, हा कुणाचा डबा?" बायको गेली त्या दिवशी आलेला, असं मी सांगितलं, तशी म्हणाली, "लोकांची भांडी अशी ठेवून घेऊ नयेत रे." त्यानंतर चार दिवसांनी मी निघालो.

डब्याच्या पोटावर जुन्या पद्धतीप्रमाणे ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे. 'हमीदा हिस लग्नात मामांकडून सप्रेम भेट, कडेगाव.' त्या बाईंबद्दल मला एवढीच माहिती होती, आणि आणखी एक म्हणजे माझ्या बायकोनं त्यांच्या मांडीवर जीव सोडला होता.

ती हकीकत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडखळायला नको. गेल्या वर्षी याच दिवसांत मी आणि नलिनी औंधला निघालो होतो. साताऱ्याहून भाड्यानं गाडी केली होती. रहिमतपुरात टायर बसला. चालक पंक्चर काढायला गेला. नलिनी म्हणाली, मला जरा बसू दे, आणि एका कल्हईच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसली. मला कुणीतरी सांगितलं की देवळामागं जुना वीरगळ आहे, लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. दगड म्हटला की माझे पाय थांबत नाहीत. "दहा मिनिटांत आलो," असं म्हणून गेलो आणि पंचेचाळीस मिनिटांनी परतलो, तेव्हा ती कल्हईवाल्याच्या बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती. डॉक्टर आले ते फक्त मान हलवायला. संध्याकाळी शववाहिनी मिळाली. निघताना त्या बाईंनी हा डबा खिडकीतून माझ्या हातात दिला. त्यांनी विचारलं होतं, "आमच्या घरचं चालंल न्हवं?" मी नुसते हात पुढं केले होते.

डब्यात पिठलं आणि शाळूच्या भाकरी होत्या. नलिनी शेजारी पांढऱ्या कापडाखाली होती आणि मी तो सगळा डबा चाटूनपुसून खाल्ला. दहन व्हायचं असताना घरात कुणी घोटभर चहासुद्धा घेत नाही. मी तीन भाकरी खाल्ल्या. हे आजवर मी बहिणीलाही सांगितलेलं नाही.

आता माझा धंदा सांगतो, कारण त्याचा या डब्याशी संबंध आहे. चाळीस वर्षं मी कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला आणि एका म्हाताऱ्या पाद्र्याकडून जुनी ग्रीक भाषा थोडीफार शिकलो. त्या भाषेतल्या 'खारिस' या एकाच शब्दावर दहा वर्षं एक लहानसं पुस्तक लिहितोय. नलिनी गणिताची शिक्षिका. ती म्हणायची, "दहा वर्षांत एक शब्द. तुमचा वेग कासवाला लाजवणारा आहे."

पण तो शब्दच तसा आहे. माणसाच्या अंगावर जे लावण्य असतं, बोलण्याचालण्यात जी लोभस कळा असते, ती खारिस. देणाऱ्यानं मनापासून केलेली कृपा, तीही खारिस. आणि घेणाऱ्याच्या मनात दाटून येते ती कृतज्ञता, तीसुद्धा खारिसच. आपल्याकडे कृपा वरून खाली येते आणि आभार खालून वर जातात, दोघांची गाठ पडत नाही. ग्रीकांना ते सगळं एकच वाटायचं. त्यांनी या खारिसला देवीही केलं, आणि एक नाही, तीन बहिणी केल्या. एकीच्या नावात तेज, दुसरीच्या उल्हास, तिसरीच्या बहर. त्या हातात हात घालून फेर धरतात. त्यांच्याकडे बघून जुने जाणते सांगत आले की एक देते, दुसरी घेते, तिसरी परत करते, आणि फेर कधी तुटू द्यायचा नसतो. वर्गात हे सांगताना मला स्वतःच्याच आवाजाचं कौतुक वाटायचं.

घरी मात्र निराळं होतं. कॉलेजच्या प्रत्येक समारंभात आभारप्रदर्शन माझ्याकडं असायचं. मांडववाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे, चहा करणाऱ्या मावशींचे, मी सगळ्यांचे आभार मानले. नलिनीचे कधी मानले नाहीत. घरच्या माणसांचे आभार मानायचे नसतात, ती आपली रीत. या रीतीमागं मी अडतीस वर्षं आरामात लपून बसलो.

तर डबा परत करायचा होता. आणि रिकामं भांडं परत करू नये हे तर कुणालाही ठाऊक असतं. शेजारून वाटीभर आमटी आली तर निदान चिमूटभर साखर घालून वाटी परत जाते. म्हणून साताऱ्यात उतरल्याबरोबर पेढ्यांच्या दुकानात गेलो आणि डबा पुढं केला. म्हटलं, कंदी पेढे भरा, गळ्यापर्यंत.

दुकानदार हसून म्हणाला, "नातू झाला का सायेब?"

"नाही. आभार मानायचेत."

"मग दाबून भरतो," असं म्हणून त्यानं खरंच दाबून भरले. डबा जड झाला आणि मला फार बरं वाटलं. आपण मोठे रीतीचे आहोत असंच वाटलं.

रहिमतपूर

साताऱ्याहून रहिमतपूरची वाट उसातून जाते. तोड चालू होती. ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याकडे निघाला होता, आणि आमची एसटी त्यांच्यामागून नवरीच्या चालीनं चालली होती. नाशिककडे द्राक्षबागा बघायची सवय असलेल्या माणसाला ही हिरवाई दांडगट वाटते. गेल्या वर्षी नलिनी म्हणाली होती, "केवढा ऊस! इथल्या लोकांच्या शिव्यासुद्धा गोड असतील." मी वाचत होतो. 'हं' म्हटलं होतं.

मला त्या बाईंना भेटून दोन गोष्टी करायच्या होत्या. डबा द्यायचा ही सोपी. दुसरी म्हणजे विचारायचं की नलिनीनं मला हाक मारली होती का. देवळापासून दुकान हाकेच्या अंतरावर आहे. मी दगडावर वाकून मापं घेत असताना ती मला बोलावत होती आणि मला ऐकू आलं नाही, हा विचार वर्षभर माझ्या उशाशी होता. विचारायची भीती वाटत होती. न विचारता जगणंही जमत नव्हतं.

दुकानाला कुलूप होतं. बाक मात्र तिथंच होता. समोर पिठाची गिरणी आहे, तिथं एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पिठानं माखून उभे होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेले आणि आता घरची गिरणी चालवणारे. त्यांनी मला बघितल्याबरोबर गिरणीचा पट्टा थांबवला.

"तुमी ते मास्तर न्हवं? गेल्या सालचं?"

मी मान हलवली. ते आत जाऊन स्वतःचं स्टूल घेऊन आले आणि ते पुसून माझ्यापुढं ठेवलं.

"रसूलभाई आन हमीदाबी कडेगावला गेल्यात. आवं, कल्हई कोन लावतंय आता? समद्यांच्या घरात ष्टील. हमीदाबीचं म्हायेर कडेगाव. भाऊ म्हनला, या हिकडं, घर मोकळं हाय. झालं, ट्रान्स्फर." मग बाकाकडे बघत म्हणाले, "बाई लय दिस बरी न्हवती बगा. त्या बाकावर बसायची न्हाई. मी म्हनलं, हमीदाबी, तुजी ड्यूटी तू केलीस. तर नुसती रडायची."

हे मला अपेक्षित नव्हतं. वर्षभर मी माझ्याच दुःखाभोवती फिरत होतो. अनोळखी बाईच्या मांडीवर कुणी मरतं तेव्हा तिचं काय होतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

सुभेदारांनी घरातून चहा आणवला. घरच्या गाईच्या दुधाचा, साखर मुक्त हस्तानं घातलेला. मग हात झटकत म्हणाले, "देवळामागं जाऊन येता का? तवा तुमी तितंच हुता की. चला, मी येतो संगं."

"नको," मी म्हटलं. ते इतकं चटकन म्हटलं की त्यांनी परत विचारलं नाही. त्या दिवशी काढलेले फोटोही मी कधी उघडले नव्हते. बाकाकडे पाठ करून एसटीची वाट बघत उभा राहिलो.

औंध

वाटेत होतं म्हणून औंध. खरं तर गेल्या वर्षी तेच गाठायचं होतं. यमाईच्या डोंगराच्या उतारावर जुन्या राजांनी हौसेनं उभारलेलं संग्रहालय आहे, आणि त्यात देशोदेशीच्या मूर्तींच्या प्रतिकृती असल्याचं मी ऐकून होतो. त्यात माझ्या त्या तिघी ग्रीक बहिणी असतील अशी मला आशा होती. नलिनीला म्हटलं होतं, "ग्रीसला नेणं काही आपल्याच्यानं होत नाही, औंधला नेतो." ती म्हणाली होती, "चालेल. औंधला भाकरी तरी मिळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या खोलीत अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, डब्याची पिशवी खांद्याला लावून चढण चढलो. दाराला कुलूप. पायरीवर ऊन खात बसलेला पहारेकरी म्हणाला, "आज सोमवार न्हाई का? सोमवारी बंद असतंय. उद्या या."

उद्या मला कडेगावला जायचं होतं. मी तिथंच हसायला लागलो आणि मग हसू कुठल्या कुठं गेलं. सोमवारी बंद असतं हे नलिनीनं आधी बघून ठेवलं असतं. आमच्या कुठल्याही प्रवासात बंद दारापुढं मी कधी उभा राहिलो नव्हतो, आणि ते आपल्या नशिबानं होतं अशी माझी समजूत होती. दारं कोण उघडी ठेवत होतं ते मला त्या कुलपासमोर कळलं.

पहारेकऱ्याला माझी दया आली असावी. "लांबनं आलाय व्हय? बसा वाईच," म्हणून त्यानं पायरीवर जागा करून दिली. मी वहीतून माझ्या त्या तिघी बहिणींचं चित्र बाहेर काढलं आणि त्याला दाखवलं. त्यानं चित्र उलटंसुलटं करून बघितलं. "ह्या मधलीचं तोंड का दिसंना?" त्यानं विचारलं.

प्रश्न बरोबर होता. त्या तिघींपैकी कडेच्या दोघी आपल्याकडे तोंड करून असतात आणि मधली पाठमोरी. याचाही एक जुना अर्थ सांगतात की उपकार आपल्याकडून जाताना एकटा जातो आणि येताना दुप्पट होऊन येतो. मी पहारेकऱ्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, "ते आसंल. पर ती बिचारी उभी हाय तवर कुनी तिचं तोंड बघितलं का?"

चित्र मी दहा वर्षं बघत आलोय. त्या पाठमोरीला चेहरा असेल असा विचार मी केला नव्हता.

दुपारी यमाईच्या पायऱ्या चढलो. दम लागला, चार ठिकाणी बसलो. वर एक नवी सून ओटी भरत होती. खण, नारळ, तांदूळ. पुजाऱ्यानं ओटी देवीपुढं ठेवली आणि त्यातलेच चार दाणे परत तिच्या पदरात टाकले. देवीसुद्धा पदर रिकामा पाठवत नाही. पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन मी ते बघत होतो आणि माझ्या पुस्तकाला हा दाखला किती चपखल आहे असा हिशेब मनात चालू होता. माणूस सुधारायला वेळ लागतो.

कडेगाव

औंधहून पुसेसावळीवरून कडेगाव. हमीदाबी कुठं राहतात हे विचारायला लागलंच नाही. स्टँडवरच्या पानवाल्याला डब्यावरचं नाव दाखवलं तर तो म्हणाला, "कल्हईवाली व्हय? मोहरमच्या ताबुताचं बांबू ठेवल्यात त्या बोळात जावा, भात्याचा आवाज आला की थांबा."

तसंच झालं. बोळाच्या टोकाला आडोसा करून रसूलभाई बसले होते. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला हातानं फिरवायचा भाता. लग्नाच्या आचाऱ्याची दोन मोठी पातेली तेवढी कामाला आली होती. धुरानं त्यांना खोकला होता. मला बघून त्यांनी भाता सोडला आणि आत हाक दिली, "हमीदा, भायेर ये. बग कोन आलंय."

हमीदाबी डोक्यावरचा पदर सारखा करत बाहेर आल्या. पंचावन्नच्या असतील. मला ओळखलं आणि उंबऱ्यातच थबकल्या. चेहरा उतरला. मग पुढं येऊन माझ्या हातातली कपड्यांची पिशवी घेतली. "आत या भाऊ. आदी पानी घ्या," एवढंच म्हणाल्या.

ग्रीकांच्या एका जुन्या युद्धकथेत अशीच एक जागा आहे. देवांचा लोहार भट्टीशी घामाघूम झालेला असतो आणि दारात एक आई येते, जिच्या मुलाचं मरण जवळ आलेलं आहे. तेव्हा लोहाराची बायको बाहेर येते, तिचा हात धरते आणि म्हणते, आत ये, आधी पाहुणचार घे. त्या बायकोचं नाव खारिस. मी हे कितीदा वाचलं होतं आणि प्रत्येक वेळी लोहार घडवतो त्या ढालीकडे पळालो होतो. दार उघडणारी बाई माझ्या टिपणांत कुठंच नाही.

पाणी प्यालो. मग पिशवीतून डबा काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरला. भाषण तयार होतं, चाळीस वर्षांचा सराव होता. "तुमचे उपकार," असं म्हणून सुरुवात केली, तेवढ्यात त्यांनी झाकण उघडलं.

"पेढं?" त्या एकदम मागं सरकल्या. "भाऊ, ह्यात पेढं घातलं तुमी? ह्या डब्यात?"

मला वाटलं, काही धर्माचं असेल. गोंधळून रसूलभाईंकडे बघितलं. ते भट्टीवरून म्हणाले, "मास्तर, दुक्काचं भांडं भरून देत न्हाईत. रिकामंच आनायचं असतंय."

"मयताच्या घरी जेवान धाडलं, तर ते भांडं धुवून रिकामं परत घ्यायचं," हमीदाबी म्हणाल्या. "भरून घेतलं तर तसली येळ परत येती. तुमच्यात बी हायच की ही रीत. ते काय देनंघेनं न्हवं भाऊ. त्याची परतफेड नस्ती."

आमच्यात होतीच ही रीत. नलिनीला ठाऊक असणार, बहिणीलाही होती. म्हणून तर ती नुसतं 'ठेवून घेऊ नये' म्हणाली. मी भरलेलं भांडं घेऊन तीन दिवस मिरवत होतो. देणं, घेणं, परत करणं असा फेर दहा वर्षं लिहिणाऱ्या माणसाला, काही देणं तिथंच थांबतं हे एका कल्हईवाल्याच्या ओसरीवर कळलं.

रसूलभाई उठले. त्यांनी पेढे एका ताटात ओतले, डबा उन्हाला धरून आत बघितलं. "कल्हई पार उडालीया. ह्यात ताक ठेवलं तर कळकंल," असं म्हणाले आणि डबा निखाऱ्यावर धरला. भाता फिरू लागला. हमीदाबी माझ्यासमोर खाली बसल्या. आम्ही दोघं विस्तवाकडे बघत होतो, म्हणून मला विचारता आलं.

"नलिनीनं मला हाक मारली होती का?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. "मला वाटायचं तुमी कवातरी याल आन ह्येच इचाराल," त्या म्हणाल्या. "म्या लय भीत हुते भाऊ."

"सांगा."

"बसल्या बसल्या त्यास्नी घाम सुटला. म्या पानी दिलं. छातीवर हात ठिवला त्यांनी. म्या म्हनलं, तुमच्या मालकास्नी हाक मारू का, देवळामागंच तर हायेत. तर माझा हात धरला. म्हनल्या, नको. 'त्यांना बघू द्या. दगड बघताना फार खुशीत असतात.' पुना एकदा म्हनलं, हाक मारते. तर हसल्या. म्हनल्या, 'बघू द्या हो. दहा मिनिटं म्हणून गेलेत, तासाशिवाय येत नाहीत.' मग मांडीवर डोकं ठिवलं. मला वाटलं, डोळा लागलाय."

भाता थांबला होता. रसूलभाईंनी डब्यात नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर झाला, त्यांनी कथील फिरवलं आणि कापसानं घासलं. काळ्या पितळेवर आतून लख्ख पांढरी झाक पसरत गेली.

"म्या त्यांचं ऐकलं," हमीदाबी म्हणाल्या. "ऐकाय नगं हुतं. हाक मारली असती तर तुमची भेट झाली असती. माझं चुकलं का भाऊ?"

मी आधी रडलो. वर्षभर रडलो नव्हतो असं नाही, पण ते माझ्यासाठी होतं. खरं सांगायचं तर क्षणभर त्यांचा रागही आला. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. नलिनीनं शेवटी धरलेला हात तो होता.

"नाही," मी म्हटलं. "तिनं सांगितलं, तुम्ही केलंत. तिचं शेवटचं ऐकणारं कुणीतरी होतं. मी असतो तर मी ऐकलं नसतं."

आभार मानले नाहीत. शब्द होते, पण त्या ओसरीवर ते चालले नसते. मी नुसते हात पुढं केले, शववाहिनीच्या खिडकीत केले होते तसे. हमीदाबींनी डोळे पुसले, ताटातला एक पेढा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"वरीस झालं न्हवं? मग तोंड गोड करा आता. दुक सोडायला कुनीतरी गोड द्यावं लागतंय. म्या देते."

वर्षभर मी गोड खाल्लं नव्हतं. तो पेढा खाल्ला. उरलेले पेढे त्यांनी बोळात घरोघर वाटले, बांबूवाल्यांकडे, शेजारच्या पाटलांकडे, सगळीकडे. डबा धुऊन, पुसून फळीवर पालथा घातला. जेवायला उसळ-भाकरी होती. निघताना रसूलभाई म्हणाले, "मोहरमला या मास्तर. ताबूत एकमेकास्नी भेटत्यात, ते बगायचं असतंय. समदं गाव असतंय." हमीदाबींनी यावेळी वाटेसाठी काहीच बांधून दिलं नाही. तसला डबा आता परत नको होता, हे मला समजलं.

पुन्हा रहिमतपूर

परतीच्या एसटीनं सरळ साताऱ्याला जाता आलं असतं. मी रहिमतपुरात उतरलो. सुभेदारांची गिरणी चालू होती. त्यांनी लांबून हात केला, मी देवळाकडे बोट दाखवलं, त्यांनी मान हलवली आणि आपलं काम चालू ठेवलं.

वीरगळ होता तसाच होता, अर्धा जमिनीत, शेंदराचे ओघळ आलेला. गेल्या वर्षी मी त्याची लांबी-रुंदी घेतली होती, अक्षरं आहेत का म्हणून हात फिरवले होते, फोटो काढले होते. बघितला नव्हता. आता समोर मांडी घालून बसलो. खालच्या पट्टीत लढाई आहे, एक माणूस पडलाय आणि त्याच्या डोक्याशी एक गाय उभी आहे. मधल्या पट्टीत त्याला वर नेणाऱ्या बायका, एकीचा हात त्याच्या कोपराखाली. तिचं तोंड झिजून गेलं आहे. वर चंद्र, सूर्य, आणि हात जोडून बसलेला तोच माणूस, आता जखमेविना. गायीचं कोरीवकाम फार सुंदर आहे. हे मला नलिनीला सांगायचं होतं. गेल्या वर्षीही, दुकानाकडे परत वळताना, मी मनात तेच घोळवत येत होतो.

तिनं बघू द्या म्हटलं होतं. म्हणून मी घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटं बघत बसलो. गिरणीचा आवाज ऐकू येत होता. उसाच्या गाड्या जात होत्या. देवळात कुणीतरी घंटा वाजवली.

तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारली नाही.